अर्धा फूट कमी



नाताळ जवळ आला की मला विलायतेतल्या एका जोडप्याची आठवण होते. जोडपं खरं नव्हे हं, टेलिव्हिजनवरच्या मालिकेतलं. ‘द गुड लाइफ’ ही विनोदी मालिका बी.बी.सी.नं १९७५ ते १९७८ या काळात दाखवली. लंडनजवळच्या सर्बिटन या उपनगरात टॉम आणि बार्बरा राहतात. चाळिशी गाठताच टॉम नोकरीला रामराम ठोकतो आणि घरामागची बाग खणून शेती करू लागतो. भाजीपाला, कोंबड्या, शेळी, डुकरं, सगळं तिथंच. जनावरांच्या शेणापासून गॅस काढून वीजही करतात. आपल्या गोबरगॅसचाच तो भाऊ!

शेजारी जेरी आणि मार्गो. पैसा भरपूर. मार्गोला सगळं कसं नीटनेटकं, चारचौघांत शोभेल असं हवं.

२६ डिसेंबर १९७७ ला या मालिकेचा नाताळचा खास भाग दाखवला. मार्गोनं झाडापासून जेवणापर्यंत सगळा सण दुकानातून मागवलेला. सामान दारात येतं, पण झाड अर्धा फूट आखूड निघतं. बाई तापते आणि सगळंच सामान परत पाठवते. आता सण होईपर्यंत दुसरं काही यायचं नाही. एवढं मोठं घर, पण सणाला त्यात काही नाही!

मग लोकांना काय सांगायचं? ‘घरात कांजिण्या आल्यात’ अशी थाप मारून ती सगळी आमंत्रणं टाळते.

टॉम-बार्बरा मात्र दोघांना आपल्या घरी बोलावतात. तिथं वर्तमानपत्राच्या टोप्या, मटाराच्या शेंगांची घरी केलेली दारू. तिकडे नाताळात कागदाची नळी दोघांनी दोन बाजूंनी ओढायची चाल आहे. ती फाटताना बार उडतो. इथं नळ्या घरच्या, त्यांत दारू कुठली? मग ओढताना तोंडानंच ‘ठो’ म्हणायचं. मार्गो आधी अंग चोरून बसते, पण हळूहळू खुलते आणि पोट धरून हसते. ‘वेडेपणा खरा, पण मजा येते,’ अशाच अर्थाचं या भागाचं नाव आहे.

यातली बार्बरा झालेली फेलिसिटी केंडल लहानपणी भारतातच वाढली. तिच्या वडिलांची नाटक मंडळी आपल्याकडे गावोगाव शेक्सपिअरची नाटकं करत फिरे. थोरली बहीण जेनिफर ही शशी कपूर यांची पत्नी. मुंबईत जुहूला १९७८ साली पृथ्वी थिएटर उभं राहिलं, ते या दोघांच्या खटपटीनं.

मंडळी, मला त्या कांजिण्यांचा विचार सुटत नाही. मार्गोचा सण झाडानं बिघडला नव्हता, लाजेनं बिघडला होता. आपल्याकडे तरी वेगळं काय? पीक हातचं गेलं की दिवाळीला कुणी सावकाराच्या दारी जातो, कुणी कडी लावून बसतो आणि पाहुण्यांना ‘घरात दुखणं आहे’ म्हणून कळवतो. हातातला पैसा सरला की माणसंही तुटली, असं वाटू लागतं. तसं नसतं. बार्बराच्या घरी तरी काय होतं? रद्दी कागद आणि शेंगांची टरफलं. पण तिनं शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांनीही ताठा सोडून उंबरा ओलांडला. यातलं दुसरं काम जास्त अवघड, हे ध्यानात घ्या.

येत्या सणाला शेजारचं दार बंद दिसलं, तर एकदा कडी वाजवून पाहा. आणि आपलं दार कुणी वाजवलं, तर कांजिण्यांचं नाव सांगू नका!