थांबण्याचा भुर्दंड कोणावर?

‘खटल्याला स्थगिती मिळाली’ एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर आली की आपल्यात लगेच दोन गट पडतात. एक ‘अल्हम्दुलिल्लाह, जिंकलो’ म्हणतो, दुसरा ‘पुन्हा तारीख पे तारीख’ म्हणून खचतो. मला दोन्ही पटत नाही. स्थगिती हा निकाल नसतोच. तिच्याबाबत मी एकच प्रश्न विचारतो: थांबण्याचा भुर्दंड कोणावर पडतो?

अमेरिकेत हा प्रश्न वारंवार उभा राहतो, कारण तिथे राज्यांची न्यायालयं वेगळी आणि फेडरल, म्हणजे केंद्राची, वेगळी. एकाच वादातून दोन्हीकडे खटले चालू शकतात. फेडरल न्यायालय राज्याच्या न्यायालयाला सहसा थांबवू शकत नाही. त्याला आळा घालणारा कायदा १७९३पासूनचा आहे. म्हणून पक्षकार राज्याच्या न्यायाधीशांकडेच अर्ज करतो: तिकडचा निकाल लागेपर्यंत इथलं काम थांबवा. तेच पुरावे, दुप्पट खर्च, परस्परविरोधी निकालांची भीती, ही कारणं रास्त आहेत. तरीही स्थगिती हक्क म्हणून मिळत नाही. न्यायाधीश दोन्ही बाजूंचं नुकसान तोलून ठरवतात.

टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीजबरोच्या मशिदीचंच बघा. २०१०मध्ये बांधकामाला मंजुरी मिळाली आणि विरोधक राज्याच्या न्यायालयात गेले. सार्वजनिक सूचना अपुरी होती, असं म्हणत २०१२मध्ये न्यायालयाने ती मंजुरीच रद्द ठरवली. इमारत जवळपास तयार, रमजान तोंडावर आणि दाराला कुलूप. तेव्हा मशिदीने धर्मस्थळांच्या जमीनवापराला संरक्षण देणाऱ्या २०००च्या केंद्रीय कायद्याखाली फेडरल न्यायालय गाठलं. १८ जुलैला दावा दाखल झाला आणि त्याच दिवशी अंतरिम आदेश मिळाला. १० ऑगस्टला तिथे जुम्याची नमाज झाली. राज्यातलं प्रकरण आधी संपू द्या, असं म्हटलं असतं तर रमजान निघून गेला असता. मंजुरी रद्द करणारा तो निकाल पुढे राज्याच्याच अपील न्यायालयाने फिरवला.

आपल्या देशात अशी दुहेरी व्यवस्था नाही, पण खालचे खटले वरच्या प्रकरणासाठी थांबतात. १९९१च्या प्रार्थनास्थळ कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना, १२ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं की, पुढील आदेशापर्यंत असे नवे दावे नोंदवू नयेत आणि चालू दाव्यांत सर्वेक्षणासह कोणताही परिणामकारक आदेश देऊ नये. इथे थांबणंच योग्य होतं. आदल्याच महिन्यात संभलमध्ये सर्वेक्षणावरून हिंसाचार होऊन माणसं गेली होती. निकाल काहीही लागो, ती परत येत नाहीत.

मग सोयीचं असेल तेव्हा थांबा आणि नसेल तेव्हा धावा, असं आहे का? नाही. मर्फ्रीजबरोत थांबण्याने भरून न येणारं नुकसान झालं असतं, संभलमध्ये घाईने झालं. मोजपट्टी एकच आहे. उद्या थांबण्याचा भुर्दंड समोरच्यावर पडत असेल, तर तीच मोजपट्टी आपल्यालाही लागू. सूरह अन-निसाची १३५वी आयत स्वतःच्या विरोधातही न्यायावर ठाम राहायला सांगते.

म्हणून पुढची बातमी फॉरवर्ड करण्याआधी आदेश उघडून वाचा. स्थगिती कोणी मागितली, कधीपर्यंत आहे आणि तोवर जागेवर काय चालू राहणार, एवढं तरी शोधा.