स्वमग्नतेआड दडलेले मनोविकार

स्वमग्न बालकाची झोप उडाली, ते स्वतःचा हात चावू लागले, शाळेचे नाव काढताच बिथरू लागले, की 'हे स्वमग्नतेमुळेच' असे म्हणून पालक आणि पुष्कळदा चिकित्सकही पुढील चौकशी थांबवितात. ही सवय घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे २८ टक्क्यांत अवधानदोष व अतिचंचलता, २० टक्क्यांत चिंताविकार, १३ टक्क्यांत निद्राविकार, तर ११ टक्क्यांत नैराश्य आढळते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात तर स्वमग्नता व अतिचंचलता ही निदाने एकत्र करण्यास २०१३ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मुभाच नव्हती.

आपणांस हा विचार परका नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात दोषांचा अनुबंध्य-अनुबंध भेद सांगताना, ज्याची लक्षणे व्यक्त आणि ज्याचे हेतू व उपशम स्वतःचे, त्यास स्वतंत्र मानले आहे. तोच विवेक येथे हवा. स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील भेद असून ती समूळ घालविणारे औषध आज कोणत्याही वैद्यकाकडे नाही. चिंता, नैराश्य व निद्रानाश यांवर मात्र उपचार आहेत. ते स्वमग्नतेच्या खाती टाकणे म्हणजे साध्य व्याधीस असाध्य ठरविणे होय.

न बोलणारे मूल आपली व्यथा वागणुकीतूनच सांगते. म्हणून वर्तनात बदल केव्हापासून झाला, त्यापूर्वी घरी वा शाळेत काय घडले, हे विचारावे. दात, कान व कोष्ठ तपासून वेदनेचे कारण शोधावे. ते न सापडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यात विलंब करू नये. बोलू शकणाऱ्या किशोरांना मरणाचे विचार येतात का, हेही शांतपणे विचारावे. स्वमग्न व्यक्तींत आत्महत्येचा धोका इतरांहून अधिक असतो.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. 'मूल शांत करणारे काहीतरी द्या' अशा मागणीवर रसौषधी वा निद्राजनक कल्प देऊ नयेत. चिकित्सकाचा सल्ला घेण्यास सांगावे. चालू असलेली आधुनिक औषधे, विशेषतः अपस्मारावरील, परस्पर बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. ती एकाएकी थांबविल्यास झटके उलटतात.

निदानाची चिठ्ठी एकदा लागली म्हणजे परीक्षण संपले, असे आपले शास्त्र सांगत नाही. स्वमग्न रुग्णाच्या बाबतीतही ते संपू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.