लोहाच्या गोळीत बी-१२ हवेच

मधुमेह निघाला की आपल्याकडे पहिला संशय जातो तो माणसाच्या ताटावर आणि पोटाच्या घेरावर. गोड फार खाल्ले असेल, चालणे सोडले असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाने या समजुतीला मोठा तडा दिला आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची त्यांनी गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवली आणि त्यांना झालेल्या मुलांची मोठी होईपर्यंत तपासणी चालू ठेवली. जन्मतः या मुलांचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची चिमटी धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली की अंगातल्या चरबीचा अंदाज येतो. दंड, पोटाचा घेर, लांबी या सगळ्यांत बरीच मागे असलेली पुण्याची बाळे या एका मापात मात्र इंग्लिश बाळांच्या जवळ पोहोचत होती. स्नायू आणि आतले अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातली ४८ टक्के अजूनही कमी वजनाची होती, आणि तरीही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली यांची साखर बिघडलेली निघाली. साखर बिघडलेल्यांतले जवळजवळ सगळेच मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे प्रीडायबेटिस अवस्थेत होते. अठराव्या वर्षी, हडकुळ्या अंगाने आणि खेड्यात राहून तिथे पोहोचलेल्या मुलाला ‘वजन कमी कर’ हा सल्ला काय कामाचा?

मग उणीव कुठे होती? गरोदरपणी आईने एकूण किती उष्मांक घेतले, किती प्रथिने खाल्ली, याच्याशी बाळाच्या आकारमानाचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. भाकरीने पोट भरत होते, पण सूक्ष्म पोषकद्रव्ये पोहोचत नव्हती. त्यातही बी-१२ या जीवनसत्त्वाची स्थिती बिकट होती: सुमारे दोनतृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात ते कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. भाज्या आणि डाळींत ते नसते. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली, तेव्हा आईचे बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त अशी जोडी जिथे होती, त्या मुलांचे शरीर इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी वाढताना कोणती जनुके चालू ठेवायची आणि कोणती बंद, यासाठी लागणारी रासायनिक सामग्री तयार करण्याच्या कामात फोलेट आणि बी-१२ यांना एकमेकांची गरज असते. बी-१२ तुटपुंजे असेल तर फोलेट शरीरात असूनही अडकून पडते.

सार्वजनिक आरोग्याचे आपले धोरण नेमके या जोडीतल्या एकाच बाजूवर उभे आहे. शाळा-अंगणवाडीतून किशोरवयीन मुलींना आठवड्याला जी निळी गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, म्हणजे फोलेटचेच गोळीतले रूप, असते. गरोदर स्त्रीला अशीच गोळी रोज मिळते. बी-१२ दोन्हींत नाही. फोलिक आम्ल काढून टाका असे कोणी म्हणू नये. बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष त्याने टळतात. पण फोलिक आम्लाने बी-१२च्या अभावाचा पंडुरोग झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशके माहीत आहे. जिथे शाकाहार किंवा क्वचित मांसाहार हाच घराघरांतला रिवाज आहे, तिथे एकट्या फोलिक आम्लावर भिस्त ठेवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ताटाच्या बाजूनेही आपण मागेच सरकलो. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावाला अंड्याची सर्वाधिक गरज, तिथेच वर्गणी सर्वांत कमी जमणार.

बी-१२च्या या मांडणीला सर्वांत वजनदार आक्षेप शास्त्रीय आहे: संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. बरोबर आहे. म्हणूनच त्याच गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना २०१२ पासून चाचणीच्या स्वरूपात रोज बी-१२ देण्यात आले. पुढे त्यांना झालेल्या बाळांच्या बौद्धिक आणि भाषिक विकासात काहीसा फायदा दिसला. त्या बाळांचा मधुमेह टळतो का, हे कळायला ती मोठी व्हावी लागतील. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या ‘सरस’ प्रकल्पाचा निकाल त्याआधी हाती आहे. तिथे गरोदर राहण्याआधीपासून स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. बाळांच्या सरासरी वजनात एकूण फरक ठळक निघाला नाही, आणि हे झाकू नये. पण गरोदरपणातला मधुमेह, जो आईला आणि बाळाला दोघांनाही पुढच्या मधुमेहाकडे ढकलतो, तो १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. इतका परिणाम एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर त्याची पहिल्या पानावर बातमी झाली असती.

दुसरा आक्षेप असा की मोठेपणीची जीवनशैली सुधारणे हाच खरा उपाय. तो उपाय आहेच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, गोव्यात तर २६.४ टक्के प्रौढ. त्यांना आज औषध, आहार, व्यायाम हवाच. पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जीवनशैली बदलून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, तेव्हा चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चाचणीत तो २८.५ टक्क्यांनी घटला. दोन्ही चाचण्यांतली माणसे आणि पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. तरी चेन्नईत आहार-व्यायामाच्या गटातल्याही ३९ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झालाच, यावरून आपल्याकडे रोग उशिरा गाठला जातो असे मानायला जागा आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा आता मोठा बोलबाला आहे. लठ्ठ रुग्णाला ती वरदान ठरतील. अठरा वर्षांच्या त्या सडपातळ मुलाला त्यांचा उपयोग नाही.

बायका अस्वस्थ होतील असा आणखी एक प्रश्न उरतो: मुलाच्या मधुमेहाचा दोषही आता आईच्याच माथी मारणार का? ही भीती रास्त आहे, आणि या संशोधनाचे असे वाचन होऊ देता कामा नये. त्या सहा गावांतल्या स्त्रिया शेतात राबत होत्या, पाणी भरत होत्या. ज्यांना असे काम जास्त, त्यांची बाळे लहान निघाली. दोष द्यायचाच तर तिच्या हिश्श्याचे दूध दुसऱ्याला देणाऱ्या घराला आणि तिचे रक्त फक्त हिमोग्लोबिनसाठी तपासणाऱ्या व्यवस्थेला द्यावा लागेल.

गोळी वाटण्याची यंत्रणा तयार आहे: शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशा. राज्याने काही जिल्ह्यांत किशोरींच्या गोळीत बी-१२ घालावे, शेजारच्या जिल्ह्यांत जुनीच गोळी चालू ठेवावी, आणि त्या मुली पुढे गरोदर राहतील तेव्हा आरोग्य केंद्रात होणाऱ्या साखरेच्या तपासणीचे आकडे दोन्हींकडून गोळा करून प्रसिद्ध करावेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आज गोळी सुरू केली, तर पहिले आकडे यायला दहा वर्षेही लागणार नाहीत.