प्रवेश घेतल्यानंतर वाट बदलताना

द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. तेथून पंचवटीच्या दिशेने निघाले की आरोग्यशिक्षणाच्या बहुतेक शाखा काही किलोमीटरांच्या आत भेटतात. गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, पंचवटीत दंत महाविद्यालय आहे आणि आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पदवी राज्यभरातील डॉक्टर, वैद्य, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या हाती असते. त्यामुळे या परिसरातील घरांत आरोग्यक्षेत्रातील प्रवेश हा दरवर्षीच चर्चेचा विषय असतो.

या चर्चेतील एक प्रसंग मात्र घरातील वडीलधाऱ्यांची विशेष परीक्षा पाहतो. नातीला बीएएमएसला प्रवेश मिळालेला असतो, शुल्क भरलेले असते, पेढे वाटून झालेले असतात. आणि महिनाभराने ती म्हणते, ‘आजोबा, मला फिजिओथेरपी करायची आहे.’ कधी याच्या उलट घडते. नर्सिंगला गेलेला नातू पुन्हा नीटची तयारी करण्याचे बोलू लागतो. घरातील वातावरण गढूळ होते. आई गप्प राहते, वडील चिडतात आणि आजी-आजोबांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले जाते. अशा वेळी ज्येष्ठांनी काय जाणून घ्यावे आणि काय बोलावे, याचा विचार या अंकात करू.

प्रथम एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. सर्व पदव्या एकाच विद्यापीठाच्या असल्यामुळे एका शाखेतून दुसरीत सरळ बदली होत असेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पदवी विद्यापीठ देत असले तरी प्रत्येक व्यवसायाचे नियमन वेगळ्या कायद्याने होते. एमबीबीएसवर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियंत्रण आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्यासाठी २०२० च्याच कायद्यांनी स्वतंत्र आयोग नेमले गेले. फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठी २०२१ साली निराळा कायदा झाला. नर्सिंगच्या परिषदेचा कायदा १९४७ चा, तर दंतवैद्यकाचा १९४८ चा असून या दोन्ही क्षेत्रांसाठी २०२३ साली नवे कायदे संमत झाले आहेत. म्हणून बीएएमएसचे एक वर्ष पूर्ण करून विद्यार्थी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकत नाही. शरीररचनाशास्त्र दोन्हीकडे असले तरी ते नव्याने शिकावे लागते. शाखा बदलणे म्हणजे नवा प्रवेश घेऊन पहिल्या वर्षापासून आरंभ करणे होय.

यावरून पुढचा प्रश्न येतो तो वेळेचा. विचार नेमका कोणत्या टप्प्यावर बदलला आहे, यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

प्रवेशफेऱ्या चालू असतील तर वाट तुलनेने सोपी असते. राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत प्रवेश घेतलेल्या आणि त्यावर समाधानी असलेल्या विद्यार्थ्याला ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म भरावा लागतो. हा फॉर्म भरला म्हणजे मिळालेली जागा कायम राहते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. तो भरला नाही आणि पुढील फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळाली, तर आधीची जागा आपोआप रद्द होते. तेव्हा महाविद्यालयाच्या खिडकीपाशी घाईघाईत कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ घरातील सर्वांनी समजून घ्यावा. एमबीबीएस व बीडीएस, आयुर्वेद-होमिओपॅथी-युनानी आणि फिजिओथेरपी आदी अभ्यासक्रम यांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक निराळे असते, हेही ध्यानात ठेवावे. अखिल भारतीय कोट्याचे नियम आणखी वेगळे आहेत. तेथे पहिल्या फेरीतील जागा सोडणे सोपे असते, पण पुढे पुढे ते महाग होत जाते. हे नियम दरवर्षी बदलू शकतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाचा गतवर्षीचा अनुभव प्रमाण मानू नये; चालू वर्षाची माहिती पुस्तिका प्रमाण मानावी.

फेऱ्या संपल्यानंतर विचार बदलला, तर प्रश्न पुढील वर्षाचा होतो. नीटचे गुण त्या त्या वर्षाच्या प्रवेशापुरतेच ग्राह्य असतात. म्हणजे परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वयाची चिंता मात्र फारशी करू नये. नीटसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ साली काढून टाकण्यात आली आहे. एक वर्ष गेल्याने आयुष्य वाया जात नाही. पण ते वर्ष कसे जाणार, याचा आराखडा नसेल तर मात्र पुष्कळ नुकसान होते.

या सर्व टप्प्यांना लागू असलेला एक नियम आहे. नवी जागा कागदोपत्री हाती येईपर्यंत जुनी सोडू नये. रागाच्या किंवा रडण्याच्या भरात लिहिलेला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज परत घेता येईलच असे नाही. घरातील ज्येष्ठांनी एवढे एक काम केले, ‘अर्ज आठ दिवसांनी दे’ एवढेच सांगितले, तरी पुष्कळ घरांचे नुकसान टळेल. फेरीची किंवा शुल्कपरताव्याची मुदत त्याआधीच संपत असेल, तर मात्र त्या मुदतीच्या आत बसून विचार करावा.

आता पैशाविषयी, कारण पुष्कळदा तो ज्येष्ठांच्या ठेवीतून जातो. नवे शुल्क भरण्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते मुदतीपूर्वी बंद केले, तर एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मुद्दलातून दीड टक्का वजा होतो आणि दोन वर्षांनंतर एक टक्का. पाच लाखांच्या खात्यात हे अनुक्रमे साडेसात हजार आणि पाच हजार रुपये होतात. ही रक्कम मोठी नाही. दर तिमाहीस येणारे व्याज थांबणे, ही खरी हानी असते. औषधांचा खर्च त्या व्याजातून भागत असेल तर तसे घरात स्पष्ट सांगावे. नातवंडांसाठी त्याग करण्यात संकोच नसावा, पण तो आकडे मांडून करावा. शैक्षणिक कर्ज घेतलेले असल्यास ते विशिष्ट अभ्यासक्रमासाठी आणि संस्थेसाठी मंजूर झालेले असते. अभ्यासक्रम बदलल्यास बँकेकडे पुन्हा जावे लागते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यावर शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अभ्यासक्रम बदलल्यावर अशी सवलत किंवा शिष्यवृत्ती पुढे चालू राहील का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात आधीच लेखी विचारून घ्यावे.

कागद आणि पैसा यांच्यापेक्षा अवघड भाग मनाचा आहे. आपल्याकडे या पदव्यांची एक उतरंड मानली जाते. सर्वांत वर एमबीबीएस, मग दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि अखेरीस नर्सिंग. ‘नुसती नर्स’, ‘फक्त फिजिओ’ असे शब्द घरात सहज उच्चारले जातात. उतरंडीवर वर जाणाऱ्या बदलाचे कौतुक होते आणि खाली येणारा बदल अपयश मानला जातो. बदल योग्य की अयोग्य, याचा निवाडा या मापाने करणे चुकीचे आहे.

याचे एक मोठे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. सिसिली साँडर्स १९३८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या होत्या. महायुद्ध सुरू झाल्यावर ते शिक्षण मध्येच थांबवून त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगचे प्रशिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे परिचारिकेचे काम त्यांना झेपेना. तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. या कामात त्यांची भेट डेव्हिड तास्मा या कर्करोगग्रस्त, एकाकी पोलिश निर्वासिताशी झाली. १९४८ साली मृत्यू येण्यापूर्वी त्याने पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले. मरणासन्न रुग्णांच्या वेदनांवर काम करायचे तर वैद्यक शिकणे आवश्यक आहे, असा सल्ला त्यांना एका शल्यचिकित्सकाने दिला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी उभारलेले सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे आधुनिक उपशामक उपचारांचे उगमस्थान मानले जाते. आपल्या राज्यात वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे त्याच विचाराचे भारतातील पहिले केंद्र.

साँडर्स यांनी तीनदा वाट बदलली, पण प्रत्येक वेळी त्या रुग्णाच्या अधिक जवळ गेल्या. नर्सिंगमध्ये शिकलेले त्या डॉक्टर झाल्यावर विसरल्या नाहीत. आपल्या नातवंडांच्या बाबतीतही पाहावयाचे ते हेच. हा बदल कशापासून दूर जाण्यासाठी आहे की कशाच्या जवळ जाण्यासाठी?

पहिल्या काही आठवड्यांत येणारे निराशेचे विचार पुष्कळदा अभ्यासक्रमाविषयी नसतात. वसतिगृहातील एकटेपणा, इंग्रजीतील व्याख्याने, शवविच्छेदन कक्षाचा धसका, रॅगिंग, मेसचे जेवण यांपैकी काहीही मूळ कारण असू शकते. रॅगिंग असेल तर तक्रार हा उपाय आहे, शाखा बदलणे नव्हे. म्हणून शांतपणे विचारावे : ‘हेच शिक्षण आपल्या गावात, ओळखीच्या मुलांबरोबर असते, तर केले असतेस का?’ उत्तर ‘हो’ असेल तर अडचण जागेची आहे. उत्तर ठाम ‘नाही’ असेल तर पुढचे बोलणे सुरू करावे. मूल झोपत नसेल, जेवत नसेल किंवा जगण्याविषयीच निराश बोलत असेल, तर प्रवेशाची चर्चा बाजूला ठेवून प्रथम मदत घ्यावी. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

यापुढील बोलण्यात ज्येष्ठांजवळ असे काही आहे, जे प्रवेश समुपदेशकाकडे नसते. आपण आजारपण भोगले आहे. पक्षाघातानंतर पहिले पाऊल कोणी टाकायला शिकविले, शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री तीन वाजता उशी कोणी सरळ केली, कवळी बसल्यावर भाकरी पुन्हा कशी खाता आली, कानाचे यंत्र कोणी धीराने जुळवून दिले, हे आपणांस ठाऊक आहे. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांना तर ते अधिकच ठाऊक आहे. हे अनुभव नातवंडांना तपशीलवार सांगावेत. त्यातील कष्ट, कंटाळा आणि दुर्गंधीही लपवू नये. अठरा वर्षांच्या मुलाने पदवीचे नाव ऐकलेले असते, त्यामागचा दिवस पाहिलेला नसतो. शक्य असल्यास त्या व्यवसायातील ओळखीच्या व्यक्तीबरोबर त्याला एक दिवस घालवू द्यावा. पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यापेक्षा तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याशी बोलणे अधिक उपयोगी ठरते, कारण त्याने वॉर्ड पाहिलेला असतो.

मात्र एक पथ्य आपणही पाळले पाहिजे. ‘नाशिकातच राहा, आम्हांला कोण पाहणार?’ किंवा ‘तू फिजिओथेरपीच कर, माझ्या गुडघ्यांना बरे पडेल’, ही वाक्ये थट्टेत म्हटली तरी मुलाच्या मनावर ओझे ठेवून जातात. आपली काळजी हा संपूर्ण कुटुंबाने सोडवावयाचा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका नातवाच्या पदवीत शोधू नये.

शेवटी, आज बदल शक्य झाला नाही तरी सर्व वाटा संपत नाहीत. नर्सिंगच्या पदवीनंतर अतिदक्षता विभागातील प्रगत अभ्यासक्रम आहेत, आयुर्वेदात एमडी-एमएस आहे, फिजिओथेरपीत मेंदूविकार किंवा अस्थिरोग यांतील विशेष शिक्षण आहे. बीएएमएस आणि नर्सिंग पदवीधर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर गावातील आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होऊ शकतात. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी तर यांपैकी अनेकांना खुली आहे.

तेव्हा नात किंवा नातू हा विषय काढील, त्या संध्याकाळी निकाल देण्याची घाई करू नये. एक कोरा कागद घ्यावा. त्यावर चार गोष्टी मुलाच्याच हाताने लिहवून घ्याव्यात : बदलाचे कारण, फेरीची अंतिम तारीख, दोन्ही वाटांचा संपूर्ण खर्च आणि नवी जागा न मिळाल्यास काय करणार. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्याला लिहिता आले, तर त्याने विचार केला आहे असे समजावे आणि पाठीशी उभे राहावे. ते लिहिता येत नसेल, तर जुनी जागा न सोडता आणखी थोडे थांबावे.