चारी एक, पण पाइप दोन



लाइट गेली तरी काम थांबू नये म्हणून आपल्यापैकी अनेकांनी पोल्ट्री शेडला, कोल्ड रूमला ऑटो स्टार्ट जनरेटर बसवलाय. वायर टाकताना वायरमन म्हणतो, "चारी खोदलीच आहे, सगळं एकाच पाइपात टाकू." आपण हो म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे, इथं हो म्हणू नका.

पॉवर केबलला थ्री फेजचे ४१५ व्होल्ट. जनरेटरला चालू-बंदचा निरोप देणारी कंट्रोल वायर बहुतेक वेळा बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालते. पाइपात ओढताना वायर सोलली किंवा उंदरानं कुरतडली, तर पॉवरचा करंट कंट्रोल वायरीत उतरतो. कार्ड जळतं. "बाराच व्होल्ट आहेत" म्हणून कुणी हात लावला, तर जिवावर बेततं. वायर शाबूत असली तरी लांबवर पॉवर केबलला चिकटून गेली, की चुकीचा सिग्नल जाऊ शकतो. मग जनरेटर विनाकारण सुरू होतो, नाहीतर ऐन वेळी होत नाही. भर उन्हाळ्यात बंदिस्त शेडचे पंखे थांबले, तर पक्षी फार वेळ तग धरत नाहीत.

म्हणून पाइप दोन टाका, मध्ये फूटभर अंतर ठेवा. एकमेकांवरून न्यावंच लागलं तर काटकोनात न्या. कंट्रोलला शील्डेड केबल वापरा.

जुनं काम एकाच पाइपात असेल, तर परवानाधारक वायरमनकडूनच वेगळं करून घ्या. आधी मेन स्विच बंद करा आणि जनरेटरची बॅटरी सोडवा, नाहीतर काम चालू असतानाच तो सुरू होईल.

एका पाइपाचे पैसे वाचवून जीव टांगणीला लावू नका.