रक्त पचवताना

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडतापाची धास्ती सुरू होते. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. त्या गोचिडीच्या पोटात काय चालते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

रक्त हे पौष्टिक अन्न असले तरी विषारीही असते. हिमोग्लोबिन पचताना लोहयुक्त हीम सुटते, त्यातून घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात आणि ते पेशींची आवरणे, प्रथिने, अगदी डीएनएसुद्धा जाळत सुटतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. गोचीड रक्तातले हिमोग्लोबिन आतड्याच्या पेशींत ओढून घेते आणि जादा हीम तिथेच बारीक कप्प्यांत डांबून ठेवते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी रक्ताभोवती एक पातळ पडदा विणते. बरेचसे हीम त्यालाच चिकटून राहते. शिवाय कॅटलेजसारखी विकरे राखणीला असतातच. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासात हे कॅटलेज दाबून पाहिले, तर मादीची अंडी घटली.

कीटकनाशकांना डास आणि गोचिडी सरावत चालल्या असताना रक्त पचवण्यातली ही कमकुवत नस फार मोलाची आहे. या मूलभूत संशोधनाला पैसा आणि सवड दोन्ही मिळायला हवे, असे आमचे ठाम मत आहे. त्यातून एखादे औषध हाती येईपर्यंत काजूच्या बागेतून परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा आणि मुलांचे अंग नीट तपासा.