थीम जंगलाची, राज्य कुणावर?

हल्ली लहान मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं, की त्यात तारीख-वेळेच्याही आधी एक ओळ असते : थीम. जंगल, समुद्र, अंतराळ, डायनॉसॉर. पाहुण्यांनी कुठल्या रंगाचे कपडे घालायचे, तेही कळवलेलं असतं. माझ्या वयाच्या मंडळींचा यावर नाक मुरडण्याचा रिवाज आहे. मला मात्र थीमशी काहीच भांडण नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण बोरन्हाण करतो, ते दुसरं काय आहे? मुलाला काळं झबलं, गळ्यात-हातात हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे. त्या मोसमात जे शेतात आणि बाजारात आहे तेच सजावटीला, तेच खाऊला आणि तेच खेळायला. खरी गंमत असते ती सांडलेलं वेचायला पोरांची झुंबड उडते तिची. ज्याचा सोहळा, ते बाळ पुष्कळदा भेदरून रडत असतं, हा भाग वेगळा.

तेव्हा थीम असावी. माझी तक्रार सुरू होते ती सजावट संपते तिथून. फुग्यांची कमान, मागचा पडदा, केकवरचा साखरेचा सिंह यांवर महिनाभर खल होतो. (आपला राज्यप्राणी शेकरू, पण या जंगलांत जिराफ आणि झेब्रे यांचीच वस्ती. असो.) खेळांचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘तो माणूस येणारेय ना माइक घेऊन!’’ तो येतो, कानठळ्या बसवणारी गाणी लावतो, संगीत खुर्ची घेतो, दोन बक्षिसं वाटतो आणि पुढच्या हॉलकडे निघतो. त्याला दोष नाही. अनोळखी पंचवीस पोरं तासाभरात सांभाळायची, तर दुसरं कोण काय करणार?

पण त्या संगीत खुर्चीचा हिशोब एकदा मांडून बघा. मुलं बारा, खुर्च्या अकरा. म्हणजे अकरा फेऱ्या. पहिल्या फेरीत बाद झालेलं मूल पुढच्या दहा फेऱ्या भिंतीला टेकून बसणार. गाणं, ढकलाढकली, ‘मी आधी बसलो’चा तंटा आणि खुर्ची उचलणं धरून फेरीला दीड मिनिट धरलं, तरी पाव तास झाला. आणि पहिल्यांदा बाद होतं कोण? जे सगळ्यांत लहान, जे धक्का देत नाही, ज्याला आईने नवा झगा चुरगळायचा नाही म्हणून बजावलंय ते. ज्याला खेळायची गरज जास्त, त्याच्या वाट्याला खेळ सगळ्यांत कमी.

आपल्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या खेळांनी या प्रश्नाचा विचार केला होता. शब्दच बघा. पकडला गेला, की त्याच्यावर ‘राज्य’ येतं. हरलेल्याच्या हाती राज्य देणारी भाषा मला फार आवडते. तो बाजूला बसत नाही, उलट सगळ्यांत जास्त पळतो. साखळीत पकडलेला गडी पकडणाऱ्याचा हात धरून त्याच्याच बाजूने धावू लागतो. विषामृतात विष मिळालेला जागीच बसतो खरा, पण कुणी गडी येऊन अमृत देईल ही आशा असते, आणि ते द्यायला धावणारा स्वतः धोका पत्करतो. डबा ऐसपैसमध्ये डब्याला लाथ बसली, की पकडलेले सगळे सुटतात. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे लिंबूटिंबू. तीन-चार वर्षांचं शेंबडं पोर सगळ्यांबरोबर पळणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. हा नियम कुठल्या मोठ्या माणसाने केलेला नाही, पोरांनीच केलेला आहे.

अर्थात, ते खेळ म्हणजे प्रेमाचा झरा होता असंही कुणी समजू नये. एकाच मुलावर पुन्हा पुन्हा राज्य आणून त्याला अंधार पडेपर्यंत पिदवायचं, हा उद्योगही त्याच अंगणात चाले. आणि पिदवलं जाणारं पोर बहुतेक ठरलेलं असे.

गेल्या डिसेंबरात भाचीच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. थीम जंगल, जागा सोसायटीचा हॉल, मुलं चौदा, वय तीन ते आठ. खेळ मी मागून घेतले. यादी करायला एकेका घरी फोन केला, तेव्हा एक आई सहज म्हणाली, ‘‘हिला कानात मशिन आहे. ती बसून बघेल, तुम्ही काळजी करू नका. तिला सवय आहे.’’

सहा वर्षांच्या मुलीला बसून बघायची सवय! श्रवणयंत्र हवा तो आवाज मोठा करतं तसा नको तोही करतं. टाइल्सच्या हॉलमध्ये स्पीकर, फुगे आणि चौदा पोरांचा कल्ला असला, की गाणं थांबलं केव्हा ते तिला कळणार कसं? तेव्हा माइक आणि गाणी यादीतून गेली. त्यांच्या जागी एक पिवळी ओढणी आली. ओढणी वर गेली की ऊन, सगळ्या प्राण्यांनी नाचायचं. खाली आली की रात्र, असेल तिथे थिजायचं. ओढणी धरायचं काम वाढदिवसाच्या मुलीचं, आणि दोन दिवस आधी तिने घरी त्याचा सराव केला. स्वतःच्याच वाढदिवशी गर्दीला बुजून आईच्या मांडीत तोंड खुपसणारी मुलं आपण पाहतो. हातात काम असलं की तो प्रश्न निम्मा सुटतो. डोळ्यांनी खेळायच्या खेळाचा एक फायदा असाही झाला, की पोरांना एकमेकांकडे बघावं लागलं आणि हॉलमध्ये अधूनमधून चक्क शांतता पडली.

खुर्च्यांच्या जागी पाणवठे केले. जमिनीवर निळ्या खडूची पाच वर्तुळं. (जुन्या साड्या पसराव्यात असं एकीने सुचवलं होतं, पण साडी गुळगुळीत फरशीवर घसरते.) रात्र झाली की प्रत्येक प्राण्याने पाण्यात पाय ठेवायचा. मग उन्हाळा येतो, ओल्या फडक्याने एक पाणवठा पुसायचा. मूल मात्र बाद होत नाही. उरलेल्या पाण्यात सगळ्यांनी मावायचं. ही युक्ती माझी नव्हे. कॅनडाचे टेरी ऑर्लिक यांनी १९७८ मध्ये सहकारी खेळांचं पुस्तक काढलं, त्यात खुर्च्या कमी होतात पण खेळाडू कमी होत नाहीत, अशी संगीत खुर्ची आहे. शेवटच्या पाणवठ्यात आठ वर्षांच्या एका वाघाने तीन वर्षांच्या सशाला कडेवर घेतलं होतं आणि दोघांचेही मोजे निळे झाले होते.

धावाधाव झाली, की बसका खेळ हवा, नाहीतर रडारड ठरलेली. गौरीची पावलं काढतो तशी दारापासून रांगोळीने वाघाची पावलं काढली होती. ती जिथे संपत, तिथे पिशवीत पानं. डोळे मिटून ओळखायची. पारिजातकाचं पान सँडपेपरसारखं खरखरीत, कढीपत्ता आणि लिंबाचं पान वासाने कळतं, वडाचं जाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे बालवाडीची साधनं पानं, बिया, शंख-शिंपले अशीच होती. आज शहरातल्या मुलांच्या खोल्या खेळण्यांनी भरलेल्या आहेत, पण चौदांपैकी वडाचं पान तिघांनीच ओळखलं. कानात मशिनवाली मुलगी त्यांतली एक.

सगळं झाल्यावर तो आठ वर्षांचा वाघ माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘मग जिंकलं कोण?’’ त्याचं तोंड उतरलेलं होतं, आणि त्याचं म्हणणं मला पटलं. त्या वयाला जिंकायचं असतं, आणि ‘सगळेच जिंकले’ हे उत्तर त्याला फसवणुकीसारखं वाटतं. तेव्हा सात-आठ वर्षांच्या पाच जणांची केकआधी लिंबू-चमच्याची शर्यत घेतली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळं रीतसर. छोटी मंडळी ओरडून घसा बसवत होती. शर्यतीच्या रेषेवर उभी राहायला आणखी दोन लिंबूटिंबू आले, त्यांना लिंबाऐवजी बटाटे दिले. वाघ दुसरा आला आणि चांगलाच फुरंगटला.

पुढल्या महिन्यात दुसऱ्या एका घरी अंतराळ आहे. तिथला हॉल लहान, मुलं अठरा, आणि एकाच्या पायाला तेव्हाही प्लॅस्टर असेल असं कळलंय. चाकांची खुर्ची घेऊन या, असं त्याच्या आईला सांगितलं आहे. यानाला चाकं लागतातच.